कॉम्प्युटरला कुंकू

पोराचं लग्न माझ्या अकलेनं जमलं, पण तो अजून कबूल करत नाय.

सिन्नरचे पाहुणे त्याला बघायला यायचे होते, आणि त्याच दिवशी त्याच्या कॉम्प्युटरवर, कोपऱ्यात, अर्ध्या कपड्यातली बाई येऊन बसली. कुठल्या फुकटच्या गेमबरोबर आली म्हणे. पुसली की परत हजर.

"बंद करून ठेव डबा."

"अण्णा, त्यांना माझं कामच बघायचंय त्याच्यावर."

"मग बाई काढ."

"निघत नाय ना."

मी देवघरातलं कुंकू तेलात कालवलं आणि काचेवर बरोबर त्या बाईवर रुपयाएवढा टिळा लावला. दसऱ्याला ट्रॅक्टरला लावतोच की आपण.

पाहुणे आले. मुलीचा बाप चहा पिता पिता त्या टिळ्याकडंच बघत राहिला.

"मशीनची पूजा करता वाटतं?"

"रोज," मी ठोकून दिलं.

त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि हळूच म्हणाला, "आमच्या पोराच्या कॉम्प्युटरवर पण ह्याच कोपऱ्यात हीच बाई हाय. आम्ही येड्यासारखी चिकटपट्टी लावली. कुंकू सुचलं नाय."