सुनेचा डेटाबेस आणि सासूबाईंचं गप्प राहणं

माझी खोड तुम्हाला ठाऊक हाय, शेजारी कोण गप्प बसलं की मला चैन पडत न्हाय. परवा सकाळी श्वेताकडं डोकावले. शेजारणीची ही सून घरातनंच कंपनीचं काम करते. दुपारी साहेबांना प्रोग्राम दाखवायचा होता आणि ही लॅपटॉपपुढं रडवेली.

“दवाखान्याचा प्रोग्राम हाय, काकू. एक थ्रेड, म्हंजी प्रोग्राममधला एक गडी, पेशंटची नावं मेमरीतल्या डेटाबेसमध्ये, म्हंजी वहीत लिहावी तशी, लिहितो, दुसरा तीच वाचून पुकारतो. पण दुसऱ्याला एकबी नाव दिसंना.”

“दोघं एकाच ठिकाणी बघतात न्हवं?”

तिनं लिहिलेलं पुन्हा वर सरकवून बघितलं. “न्हाय की. दोघांनी डेटाबेस वेगवेगळा उघडलाय. म्हणून प्रत्येकाला आपापला कोरा डेटाबेस मिळालाय.”

तिनं दोघांना एकच डेटाबेस जोडून दिला आणि नावं दिसायला लागली.

मी म्हटलं, “आता हस की.”

तर म्हणाली, “हे शेवटचंच काम, काकू. नोकरी सोडतेय. घरचं सगळं आईंवर पडतंय, म्हणून त्या माझ्याशी धड बोलत न्हाईत.”

“अगं येडे, तुझी सासू मला काय म्हणाली सांगू? ‘माझा आवाज मोठा, पोरीच्या मीटिंगमधी ऐकू जातोय, म्हणून मी तोंडच उघडत न्हाय.’”

श्वेता उठून स्वयंपाकघरात गेली. सासूबाई भाकरी थापत होत्या, तीसुद्धा आवाज न करता, बोटांच्या टोकांनी.

“आई,” श्वेता त्यांना अगदी खेटून उभी राहिली, “जोरात थापा की.”