दुसरी गोळी

तुम्ही सगळे विचारता ना, मी जिमबरोबर शिकारीला जाणं का सोडलं, तर ऐका. जिम म्हणजे आमचा इथला, ट्रॉय गावातला अमेरिकन शेजारी, वय बहात्तर. त्याची रायफल आजोबांच्या वेळची. एका वेळी एकच गोळी बसते, दुर्बीण नाही, नळीवरच्या खुणेवरून नेम धरायचा. मी आपला चहाचा थर्मास घेऊन सोबत बसायचो.

जिम खिशात दुसरी गोळी ठेवायचाच नाही. म्हणायचा, "दुसरी असली की माणूस पहिली कशीही मारतो. हरणालाही चान्स हवा, डॉक." मला ते इतकं पटायचं की पार्ट्यांमधून मी ते कौतुकाने सांगत फिरायचो.

त्या दिवशी गोळी हरणीच्या पोटात लागली. बर्फावरच्या रक्तामागून आम्ही तासभर चाललो. ओढ्याकाठी ती पडली होती, मान वर करून आमच्याकडे बघत.

"गोळी?" मी विचारलं.

"ट्रकमध्येसुद्धा नाही."

त्याने सुरी काढली, हरणीपर्यंत गेला, आणि परत येऊन ती माझ्यापुढे धरली. "डॉक, तूच कर. प्लीज."

"अरे, मी अ‍ॅनेस्थेशियाचा डॉक्टर आहे."

"डॉक्टर तर आहेस ना."

मी बर्फात गुडघे टेकले.

पेशंट पूर्ण झोपल्याची खात्री झाल्याशिवाय पस्तीस वर्षांत मी एकाही सर्जनला सुरी लावू दिली नव्हती. ती हरणी शेवटपर्यंत जागी होती.