खिडकीकडचा स्पीकर

भाऊ: हात लावू नकोस म्हटलं ना, ताई! परवा हात लावलास म्हणून तर आज ही वेळ आली.

बहीण: परवा मी नुसतं अपडेट टाकलं. तेही तू बोलावलंस म्हणून. ‘तू दिलेल्या त्या स्पीकरच्या डब्याला वाय-फाय सापडत नाही, येऊन बघ.’ त्यानंतर काल दिवसभर छान वाजत होता की नाही?

भाऊ: काल वाजत होता. आज सकाळी सिनेमाच्या आवाजाचं मिक्सिंग करायला बसतो तर सगळा आवाज दाराकडच्या स्पीकरमधून. खिडकीकडचा नुसता शोभेला उभा. मला वाटलं, रेकॉर्डिंगच तसं झालंय, डावी बाजू कमी पडतेय. म्हणून वाढवली. सिनेमाभर वाढवली आणि दुपारी पाठवून मोकळा झालो.

बहीण: अरे देवा.

भाऊ: दिग्दर्शकाचा फोन आला. डावीकडची माणसं किंचाळतायत म्हणे. मी त्यालाच झापलं. ‘आधी तुझी मशीन तपास,’ म्हटलं. आणि घोळ निघाला माझ्याच घरात! संध्याकाळपर्यंत नीट करून दिलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. वर चार लोकांत बोभाटा होणार तो वेगळाच.

बहीण: मग बघू दे मला. नक्की घोडं कुठे पेंड खातंय ते कळल्याशिवाय मी उठणार नाही.

भाऊ: तुझं काय, तू रोज ऑफिसात बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकतेस. बंद करा, चालू करा.

बहीण: हो. आणि निम्म्या लोकांचं तेवढ्यानेच चालू होतं. आधी राउटर बंद कर. मग डबा.

भाऊ: केलंय ते सगळं.

बहीण: माझ्यासमोर कर.

बायको: अरे, मी मघापासून विचारतेय, चहा टाकू का?

भाऊ: कधी विचारलंस?

बायको: इथेच, खिडकीपाशी उभी राहून. दोनदा. सकाळपासून हेच चाललंय याचं, ताई. रागात असला की ओसुद्धा देत नाही.

भाऊ: चहा राहू दे गं. लागलं का वाय-फाय?

बहीण: लागलं. एखादं गाणं लाव. हं... मला तर दोन्हीकडून सारखं येतंय.

भाऊ: तुला येणारच. सूर कशाशी खातात ते तरी माहीत आहे का तुला? गाण्याच्या क्लासातून बाईंनी पंधरा दिवसांत घरी पाठवलं होतं.

बहीण: पाठवलं होतं. आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, कान असावा तर आमच्या धाकट्यासारखा. झालं तुझं? आता सांग, डब्याला हेडफोन लावून बघितलास?

भाऊ: बघितला. त्यातही डावी बाजू मेलेली. म्हणजे स्पीकर ठीक. दोष डब्याचा नाहीतर तुझ्या वाय-फायचा. उजवीकडचं सगळं पोचतंय, डावीकडचं वाटेत गळतंय.

बहीण: असं एका बाजूचं गळत नाही, राजा. गाणं वाय-फायवरून तुकड्या-तुकड्यांनी येतं आणि प्रत्येक तुकड्यात डावं-उजवं एकत्र बांधलेलं असतं. तुकडा हरवला तर दोन्ही बाजू अडखळतील. एकटी डावी नाही जायची.

भाऊ: मग डबाच. फेकूनच देतो!

बहीण: थांब जरा. डब्यामागच्या तारांची अदलाबदल करते. डावीची उजवीला, उजवीची डावीला. डब्याची डावी बाजू मेली असेल, तर आता दाराकडचा स्पीकर गप्प व्हायला हवा. ऐक.

भाऊ: ...नाही. खिडकीकडचाच.

बहीण: म्हणजे डबा सुटला.

भाऊ: मग स्पीकर!

बहीण: मघाशी तूच सोडलंस त्यांना. तरी करू. उचल. दाराकडचा खिडकीशी ने, खिडकीकडचा मी आणते इकडे.

भाऊ: सावकाश. आपटू नकोस. हं, लाव गाणं.

बहीण: काय?

भाऊ: खिडकीकडचाच. हे कसं शक्य आहे? हा तर मघाशी दाराशी खणखणीत वाजत होता! खोलीतच काहीतरी आहे. पडदा असेल. जाड आहे, आवाज खातो. काढ तो पडदा.

बायको: कुठला पडदा? तो धुवायला टाकलाय. नुसती खिडकी आहे तिथे.

भाऊ: मग काच असेल! ताई, अशी काय बघतेस माझ्याकडे?

बहीण: तुला बरं वाटतंय ना?

भाऊ: मला काय धाड भरलीय? जरा कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय, तेवढंच. पंख्याखाली झोपलो होतो.

बहीण: खुर्ची फिरव.

भाऊ: काय?

बहीण: स्पीकरकडे पाठ कर, कपाटाकडे तोंड. बाकी काही हलवायचं नाही. तारा तशाच, स्पीकर तसेच.

भाऊ: हा काय पोरखेळ लावलायस!

बहीण: सगळं बदलून झालं. एकच गोष्ट बदलायची राहिलीय. फिरव म्हणते ना.

(खुर्ची करकरत फिरते.)

बहीण: आता कोणता गप्प आहे?

भाऊ: ताई...

बहीण: सांग.

भाऊ: दाराकडचा. खिडकीकडचा वाजतोय. स्वच्छ वाजतोय.

बायको: म्हणजे झालं ना दुरुस्त?

बहीण: नाही गं. ते दोन्ही पहिल्यापासून वाजतायत.

भाऊ: माझा कान गेला.

बायको: काहीतरी अभद्र बोलू नकोस!

भाऊ: डावा कान गेलाय माझा, आणि मी सकाळपासून जगाला झापत सुटलोय. ताई, मला भीती वाटतेय गं. मला दुसरं काहीच येत नाही.

बहीण: गेला की राहिला ते डॉक्टर सांगतील. असं अचानक झालं की आजचं उद्यावर ढकलायचं नाही, लवकर गेलं तर परत येतं पुष्कळांचं. अगं, गाडीची किल्ली घे तू.

भाऊ: आणि सिनेमा?

बहीण: वाढवण्याच्या आधीची फाइल आहे ना?

भाऊ: कालची आहे. दोन्ही कानांनी केलेली.

बहीण: ती पाठव. आत्ता, माझ्यासमोर.

भाऊ: पाठवली. पण त्याला सांगू काय?

बहीण: खरं ते सांग. त्याच्या मशीनला काही झालेलं नाही म्हणावं.

भाऊ: सांगतो. गाडीतून करतो फोन. ताई, मघाशी ते क्लासचं बोललो...

बहीण: चपला घाल आधी.

बायको: मी गाडी काढते. तुम्ही या त्याला घेऊन, ताई. जिन्यात जरा धरा.

भाऊ: मला कशाला धरायला पाहिजे? पाय शाबूत आहेत माझे.

बहीण: बाईंनी काढल्यावरही मी यायचे क्लासला. बाहेर पायरीवर बसून तुझं गाणं ऐकायचे. बेसूर माणसालाही कळतं रे, चांगलं काय ते.

भाऊ: काही म्हणालीस का?

बहीण: हो. थांब, त्या बाजूला येते.