कागदाचा कपटा

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या मास्तरांचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक इंजिनिअर मुलगी मावशीला तावातावाने सांगत होती.

"अगं, उद्या नव्या हॉस्पिटलची फीत कापणार होते! कागदोपत्री सगळं ओके. मी साथीच्या पेशंटसाठी बांधलेल्या खोलीत गेले आणि एक्झॉस्टच्या जाळीसमोर कागदाचा कपटा धरला."

"तो कशाला?"

"पंखा हवा बाहेर ओढत असेल, तर कपटा जाळीला चिकटतो."

"मग, चिकटला?"

"कसला चिकटतोय! फडफडत माझ्याच अंगावर आला! पंखा उलटा फिरत होता, मावशी. खोलीतली हवा दाराखालून थेट वॉर्डात!"

"अगंबाई! कुणालाच कळलं नाही?"

"पंख्याचा आवाज येत होता ना! तेवढ्यावर सह्या!"

"मोठे साहेब भडकले असतील."

"भडकले तर! म्हणाले, एवढ्याशा कपट्यापायी समारंभ पुढे ढकलू? मी कपटा त्यांच्याच हातात दिला."

"धरला त्यांनी?"

"धरला की! सटकन चष्म्यावर येऊन बसला!"

मावशी खो खो हसली. कोपऱ्यात कुणीतरी खोकलं.

मास्तर उठले. भिंतीवरच्या एक्झॉस्टसमोर त्यांनी आपल्या नंबराची चिठ्ठी उंच धरली.

पंखा जोरात घरघरत होता. चिठ्ठी ढिम्म हलली नाही.