यल्लव्वाची नोटीस

आमच्या मोफत कायदा-मदत केंद्राचे अध्यक्षपद माझ्याकडून कसे गेले, ते ऐकाच. सत्तरच्या दशकात सोलापुरात दर रविवारी आम्ही चार वकील एका शाळेच्या वर्गात बसत असू. एकदा यल्लव्वा नावाची विडी कामगार आली. चांगल्या विड्याही खराब ठरवून मजुरी कापतात, असे ती बोलली म्हणून कारखानदाराने तिला पान-तंबाखू देणेच बंद केले होते; म्हणजे काम संपले. मी मोठ्या निगुतीने नोटीस लिहून वाचून दाखवली.

"लई झ्याक लिवलंय, सायेब. पर ह्यात मी कुटं हाय?"

मी तो कागद फाडला आणि तिने सांगितले तसेच लिहून धाडले. आठवड्याभरात तिला काम परत मिळाले.

पुढच्या रविवारी यल्लव्वा ते सांगायला येऊन बसली होती; तिच्यामागून कारखान्यातल्या सात जणी आल्या आणि माझ्या टेबलाला वळसा घालून थेट यल्लव्वापुढे बसल्या.

"बाई, अध्यक्ष मी आहे," मी म्हणालो.

"ऱ्हावा की! कोन नगं म्हनतंय? पर आदी ह्यांचं ऐकू द्या मला."

पुढच्या बैठकीत अध्यक्षपदासाठी मी तिचेच नाव सुचवले. विरोध केला तो फक्त तिने.

"सायेब, मला सही येत न्हाय की!"

म्हटले, "यल्लव्वा, कायद्याला अंगठा चालतो."