नवसाचा शेठ

—नाही म्हणजे नाहीच, डॉक्टरीणबाई! चहा घ्या, बाकडं ओढून बसा, अख्ख्या कोसाडच्या शेळ्यांची जन्मकुंडली विचारा, सांगते—पण आमच्या शेठला तुमच्या संशोधनाच्या फार्मवर न्यायची गोष्ट काढू नका. नवसाचा बोकड आहे तो, देवीला बोललेला. नवसाचा बोकड कुणाला देता येतो का? —मी ओरडून कशाला बोलते? अहो, त्या दारातल्या खाटेवर म्हातारी दिसते ना, सखुबाई, माझी सासू, आमच्या आत्याबाई, तिला डाव्या कानानं काही ऐकू येत नाही. उजव्या कानानं मात्र चार गल्ल्यांतलं ऐकू येतं! नवस तिनंच बोललाय. तिच्यासमोर मी ‘घ्या हो बोकड’ म्हटलं तर मलाच हळदकुंकू लावून देवीपुढं उभी करील. या, असं नळापाशी या. पाणी जायच्या आत मला त्याची आंघोळ उरकायची आहे, घालता घालता बोलू. —हाव आत्याबाई, लई येस च्या, आणतेच, थोडं थांबा!

तर हा आमचा शेठ. नाव कुणी ठेवलं विचारता? कुणी नाही, त्याच्या चालीनं ठेवलं. लूमच्या कारखान्यात मालक येतो ना, पोट पुढं, मान वर, कोण मेलं कोण जगलं त्याचं त्याला काही नाही—तसाच हा येतो गल्लीतून. आमच्या सोनालीचे पप्पा म्हणतात, तिकडच्या शेठपुढं बारा तास मान खाली घालून उभं राहतो, घरी येऊन ह्या शेठला दोन शिव्या दिल्या की जेवण गोड लागतं. आणि हा ऐकून घेतो बरं! दाढी हलवत. मागच्या महिन्यात तुम्ही फीत न् वजनकाटा घेऊन आलात, अख्ख्या वसाहतीतल्या पिलांची छाती मोजत सुटलात, तर मला वाटलं पोलिओचे डोस आले, सोनालीला घेऊन रांगेत उभी राहिले मी! पलीकडची ओडिया बाई तर म्हणे, सरकार बकऱ्यांचं रेशनकार्ड काढतंय. हसू नका, खरं सांगते. आणि मग तुम्ही विचारलंत, ही पिलं अंगानं एवढी लवकर भरतात कशी, ह्यांचा बाप कोण—तर सगळ्या बायकांची बोटं माझ्या दाराकडं! मला अशी लाज वाटली, जसं काही माझ्याच पोरानं गावभर उद्योग केलेत.

बरं, तुम्ही मागं समजावून सांगितलं होतं ते मी इथं सगळ्यांना सांगितलं हो. की जुळं-तिळं होणं हे बकरीकडून असतं, पण ह्याची आई तिळी देणारी, म्हणून तो गुण ह्याच्या लेकींमध्ये उतरतो. बरोबर ना? शिकले मी. आणि ते दुसरं—ते नळ्यांचं—ते सांगताना मात्र माझी बोबडी वळली. म्हणजे ह्याचं ते... काढून, बारीक नळीत भरून, गार करून ठेवायचं? बर्फापेक्षा गार? आणि पाच वर्षांनी कुठल्या बलसाडच्या बकरीला दिलं तरी पिलू होणार? शेठ इथं, आणि पोरं बलसाडला! सोनालीच्या पप्पांना सांगितलं तर बिचारे दारात जाऊन शेठला बघून आले. मग म्हणाले, प्रमिला, असल्या गोष्टी आत्याबाईंपुढं बोलू नको. अहो, पण कशी न बोलू? एवढी मजेची गोष्ट पोटात राहते का?

ते तुमचं दुसरं काय राहिलं—मटण. महिन्यातून किती वेळा आणता, किती आणता. लिहा ना, त्यात लपवायचं काय, आम्ही काय तिकडच्या सोसायट्यांमधले थोडेच आहोत, कुकरची शिटी झाली की उदबत्ती लावणारे? पगार झाला की अर्धा किलो, पाहुणा आला की किलो. सुट्टीच्या दिवशी खाटकापुढं रांग बघा तुम्ही, आमचे खानदेशी, ओडिया, तेलुगू, मियाभाई, सगळे पिशव्या घेऊन उभे, दहा वर्षांमागं एवढी माणसं कुठं होती सुरतमध्ये? लूम वाढले, तोंडं वाढली. म्हणून तर तुमचं संशोधन आहे म्हणता—बकऱ्या तेवढ्याच, खाणारे दुप्पट. बराबर छे. आणि आमच्या घरचा रस्सा तर, काळा मसाला मी स्वतः भाजते, शेजारणी वासानं वाटी घेऊन येतात. —मी? मी खाते ना. म्हणजे करते. ताटात वाढून घेते, कळण्याची भाकरी कुस्करते, आणि फोडी सोनालीच्या ताटात सरकवते. नाही हो, दात दुखतो. दोन वर्षं झाली दुखतो. पाहुण्यांसमोर दुखतो, सणाला दुखतो. —बाई, कसं बघता तुम्ही माझ्याकडं! ते नका लिहू. चौघांचं घर, चौघं खातात, लिहा तसं.

अरे उभा राहा ना नीट, शेठ! बघा, पाणी टाकलं तरी कान हलवत नाही. शहाणा आहे. लोकांचे बोकड पाण्याला बघून छपरावर चढतात. —रोज? हो, रोज घालते, थंडीतसुद्धा. बोकडाचा वास किती असतो तुम्हाला माहीत आहे, एका खोलीचं घर, आणि हा रात्री दारातच बसतो. वासासाठी हो. दुसरं काय असणार?

नवस कशाचा, ते तुम्हाला सांगितलंच नाही का मी? प्लेगचा. त्या वर्षी सगळं सुरत पळत होतं ना, तोंडाला रुमाल बांधून, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमका त्याच वेळी सोनालीच्या पप्पांना ताप. आता साधा हिवताप होता तो, नंतर कळलं, पण तेव्हा कोण सांगणार? डॉक्टरच पळालेले! मी त्यांच्या उशाशी बसून नुसती रडत होते, आणि ही म्हातारी, ह्याच खाटेवर बसून, गावच्या देवीला मोठ्यानं म्हणाली, माझ्या राघोला ठेव, तुला पांढरा बोकड देते. ताप उतरला. मग दिवाळीनंतर ह्याला आणला, एवढासा, माझ्या ओंजळीत बसत होता, आई मेलेली. बाटलीनं दूध पाजलं मी. तेव्हा हे डोक्यातच नव्हतं हो, की हा मोठा होणार, आणि मोठा झाला की...

असो. तर आमच्याकडं पद्धत अशी आहे. बोकडाला देवीपुढं उभा करायचा, हळदकुंकू लावायचं, पाठीवर न् कानात पाणी टाकायचं, आणि सगळ्यांनी हात जोडून थांबायचं. त्यानं अंग झाडलं, थरारला, म्हणजे देवीनं कौल दिला, घेतला. तो मग तिचा. कौल झालेला बोकड परत घरच्या खुंटीला बांधत नाहीत. आणि नाही झाडलं, तर देवीची मर्जी नाही, घेऊन जा घरी, पुढच्या चैत्रात या. मागच्या चैत्रात नेला आम्ही ह्याला, तेवढ्या लांब, साक्रीकडं आमचं गाव. टाकलं पाणी. हा उभा! परत टाकलं. हा उभा! भगताची घागर संपली, लोकांचे हात दुखायला लागले, आणि ह्यानं काय करावं? मान वळवून स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला सुरुवात केली! मी तोंडात पदर कोंबून उभी. आत्याबाई मला म्हणे, रडू नको. —काय म्हणालात? रोजच्या आंघोळीची सवय—? नाही, नाही, नाही. तसं काही नाही. मी सांगितलं ना तुम्हाला, वासासाठी! देवीशी कुणी असं करतं का? हळू बोला, उजवा कान इकडं आहे.

...परवा नेणार आहेत त्याला. म्हणून तर म्हणते, विषय काढू नका. माझा दीर, दत्तूभाऊजी, टेम्पो घेऊन येणार आहे, आणि ह्या वेळेला म्हणतो बर्फाची लादी सोबत घेऊ, बर्फाच्या पाण्यानं कसा झाडत नाही बघू! मी म्हटलं, लाज वाटत नाही का, देवीला फसवता? तर हसायला लागला. तो काय, त्याला रस्सा दिसतोय. तुम्हाला एक विचारू, ताई? चहा गार होतोय, घ्या. तुमच्या त्या फार्मवर, नळ्यांचं काम संपल्यावर, म्हाताऱ्या झालेल्या बोकडाचं काय करता? खरं सांगा. —शेवटपर्यंत ठेवता? सही केली की कागदावर राहतं ते? बरं. आणि त्याची पोरं? ती मात्र मटणालाच ना. हां. खोटं नाही बोललात, बरं केलंत. असू दे. जन्माला तरी येतील, चार दिवस उड्या मारतील. मी काय साध्वी आहे का, रस्सा तर मीच करते.

पण नाही, नाही देता येणार. मला वाटलं होतं तुम्ही नुसतं सांगाल, की ह्या बोकडाला कापू नका, सरकारला लागतो, आणि राहील इथंच, माझ्या दारात. न्यायला लागेल असं तुम्ही म्हणाल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिकडं कोण त्याला—जाऊ द्या. —रक्त? कशाला? रोग तपासायला? बरं, रक्त घ्या थोडं, त्याला कोण नाही म्हणतं, रक्त तपासलं म्हणजे काय बोकड दिला असं होत नाही. आत्याबाई, डॉक्टरीणबाई सुई लाई राहिनी, भिऊ नका! धरते मी शिंगं. इथं मानेला? केस कापा तेवढे. काय वास येतो त्या कापसाला—स्पिरिट? अगं बाई, गार किती आहे, माझ्या बोटाला नुसतं लागलं तर—

...

झाडलं त्यानं.

ताई, अंग झाडलं त्यानं. शिंगापासून शेपटीपर्यंत. बघा, सगळं पाणी तुमच्या साडीवर, माझ्या तोंडावर, पार खाटेपर्यंत... तुमचा हात त्याच्या मानेवर होता ना? होता. माझ्या डोळ्यांनी बघितला.

आत्याबाई! देखं ना? ...हाव. आंग झाडं. —त्या हात जोडून राहिल्या बघा. —काय म्हणता आत्याबाई, देवी इथं कुठं, देवी तिकडं डोंगरावर? अहो, मग प्लेगात तुम्ही हाक मारली ती कुठून? ह्याच खाटेवरून ना? तेव्हा तिला इथलं ऐकू आलं, आणि आता दिसत नाही होय? चैत्र आहे, पाणी आहे, तुम्ही समोर. घेतला तिनं. देवाला सोडलेला वळू असतो ना गावात, त्याला कुणी सुरी लावतं का? तसा हा सोडला. नैवेद्य पुरणाचा दाखवू, खापरावर मांडे मी करते, दत्तूभाऊजीला सांगते पोट भरून खा, बर्फ सरबतात घाल. ...बघा. मान हलवली. ताई, हो म्हणाली ती!

मग आता—आता परत खुंटीला नाही ना बांधता येणार. नाही येणार. पद्धतच आहे. जीप कोपऱ्यावर उभी आहे का? मग आणा ना इथवर, नाही तर चालत न्या, चालतो तो, शेठसारखा चालतो, फक्त घाई करायची नाही. दोर तुमचा लावा. हा माझा राहू द्या. मक्याची पानं आवडतात त्याला, वरून मीठ नको. रात्री कुणाच्या तरी दारात बसायची सवय आहे, एकटा नका ठेवू. —भेटायला? मी नाही येणार. बघते. कुठली बस जाते तिकडं? नको, आता नका सांगू.

आणि ताई, आंघोळ नका घालू त्याला. रोज नको. तशी गरज नाही आता.

जा, लवकर न्या. उभ्या काय राहिलात? मला भांडी घासायची आहेत, नळ जाईल.