कृष्णविवर झोपलंय, हळू बोला

…घसा बसलाय म्हणे! अहो, घसा ठणठणीत आहे माझा! तुम्हाला सांगतो, जन्म गेला परांचीवर, छतं रंगवण्यात. वर उताणा पडून खाली ओरडायचं, 'पांढरा दे रे, कुंचला धू रे, शिडी धर, मेल्या, झोपलास काय?' खाली माझा मेव्हणा असतो, घसा फोडल्याशिवाय त्याच्याकडून एक डबा वर येत नाही, असा माझा आवाज! आणि आता? ही अशी कुजबुज. घरातसुद्धा. का? तर कुठंतरी एक कृष्णविवर झोपलंय! हसा, हसा… ते दिसत नाही, पण सगळं चालतं त्याच्याच मर्जीनं!

झालं काय, विज्ञान केंद्रातल्या घुमटाचं काम मिळालं. छतभर एक दीर्घिका काढायची, म्हणजे ताऱ्यांचं अख्खं गावच समजा. मी आपलं मधोमध टेबलाएवढं काळंकुट्ट वर्तुळ काढलं. तिथल्या खगोलशास्त्राच्या बाई आल्या, वर बघितलं. 'हे काय?' म्हटलं, 'कृष्णविवर, बाई.' 'पुसा.' 'जरा पुसता का' नाही, 'कृपा करून' नाही… थेट 'पुसा'! 'या मापात ते तुमच्या कुंचल्याच्या केसाहून बारीक होईल. दिसणारच नाही.' पुसलं. म्हटलं, दिसतच नाही तर कटकट मिटली. कुठली मिटतेय!

इकडे आमच्या धाकटीनं हट्ट धरला, 'बाबा, माझा एक निळा तारा काढा.' एवढंच ना? काढला. तिनं शाळेत दवंडी पिटली, उद्घाटनाला सगळा वर्ग येणार, माझा तारा बघायला! आणि निळा असा काही खुलला म्हणून सांगू, की मी हात सैल सोडून छतभर निळे शिंपडले. बाई आल्या. 'निळे कशाला?' 'छान दिसतात हो.' 'निळे म्हणजे तरुण तारे. या दीर्घिकेत नवे तारे जन्मत नाहीत. मधलं कृष्णविवर जन्मू देत नाही.' 'कोण? ते न दिसणारं?' 'तेच.'

मग बाईंनी समजावलं. तारा व्हायचा तर वायू थंड व्हावा लागतो. हे कृष्णविवर बसतं आसपासचा वायू ओढत, खाताना तो असा तापतो की झोत बाहेर सुटतात, उरलेला वायू तापतो, काही तर पार गावाबाहेर हाकलला जातो. थंड वायू नाही तर तारा नाही, जुने लाल तेवढे उरतात. हे नसतं तर तारे नुसते फोफावले असते, दीर्घिका वाढली असती कुठल्या कुठे! म्हणजे बघा, स्वतः पोटभर जेवायचं आणि वर ढेकर असा द्यायचा की बाकीचे ताटावरून उठून पळाले पाहिजेत! ही काय रीत झाली? पण बोलायचं कुणाला? ते दिसत नाही, पण सगळं चालतं त्याच्याच मर्जीनं!

पुसले. एकेक निळा पुसला. शेवटच्याला हात थांबला. 'बाई, हा राहू दे.' 'नाही.' 'लेकीचा आहे हो.' 'दीर्घिकेला लेक कळत नाही.' आता आली का पंचाईत? पोरीला तोंड काय दाखवू? मी वैतागून म्हटलं, 'अहो, पण ते सारखं खातच असतं का? कधी आडवं होत नाही?' बाईंनी चष्मा काढला, पुसला. 'होतं. खायला संपलं की शांत होतं. मग वायू हळूहळू निवतो, एखाददुसरा तारा जन्मतो… मग तोच वायू पुन्हा आत जातो आणि ते पुन्हा जागं होतं.' 'मग आत्ता झोपलंय म्हणा ना, बाई!' बाईंनी चष्मा लावून वर ताऱ्याकडे बघितलं. 'म्हणू या. पण एकच!' खरं सांगतो, डोळे भरून आले माझे, उताणा होतो म्हणून पाणी कानात गेलं.

उद्घाटन. सगळा वर्ग माना वर करून उभा, आमची धाकटी सगळ्यांच्या पुढं. बाई सांगतायत, 'कृष्णविवर सध्या झोपलंय, म्हणून हा एक निळा तारा. ते जागं झालं की नवे तारे बंद.' मला राहवतंय होय? मी मागून, माझ्या नेहमीच्या आवाजात, 'माझ्या लेकीचा आहे तो!' घुमटच तो, दहा वेळा घुमला! धाकटी गर्रकन वळली, चेहरा पांढराफटक, ओठांवर बोट. 'बाबा! हळू! उठेल ना ते!'

अख्खा वर्ग कुजबुजायला लागला. पहारेकरीसुद्धा चवड्यांवर चालायला लागला हो! मी समजावलं, 'अगं, ते कुठल्या कुठे लांब, तिथवर आवाज पोचत नाही.' तर म्हणते, 'तुम्हाला काय माहीत? दिसतं का ते तुम्हाला?' आणि वर गळ्याची शपथ घातली तिनं. तेव्हापासून दार आपटायचं नाही, शिंक दाबायची, भांडणसुद्धा खुणेनं. ते दिसत नाही, पण सगळं…

जाऊ दे. तारा जागेवर आहे, पोरगी खूश आहे. पण परवा नव्या कामावर, वर उताणा पडून कुजबुजतोय, 'पांढरा दे रे… अरे, पांढरा…' वाकून बघतो तर खाली मेव्हणा घोरतोय! एक झोपलंय वर, एक झोपलाय खाली, मधे मी लोंबकळतोय, आणि उठवायचं कुणालाच नाही!